बेसमेंटमधलं पाणी उपसायच्या आधी खाली कोण उतरणार ते ठरवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आलाय, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुंबलेल्या नाल्याचे फोटो पडायला लागलेत, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र जरा मोठं होणारे. जागा कमी असेल तर माझ्याबद्दलचं काय ते कापा, पण विजेबद्दलचं आणि अॅसिडबद्दलचं कृपया कापू नका.

मी सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. २५ जुलै २०२४, गुरुवार. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या घरात गेलं आणि एकतानगरी, विठ्ठलनगरकडचे लोक जागे झाले तेव्हा पाणी थेट घरात होतं. ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच. आमची बिल्डिंग नदीपासून जरा आत आहे त्यामुळं घरात कुणाच्या काही आलं नाही, पण बेसमेंट भरलं. रॅम्पवरून पण आलं आणि ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटं पण आलं. दुपारनंतर पाऊस थांबला, रस्त्यावरचं पाणी ओसरलं आणि आम्हाला वाटलं, चला, सुटलो एकदाचे, आता उपसायचं आणि धुवून घ्यायचं.

खरा धोका तिथून पुढं होता हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पूर येणार, सुरक्षित ठिकाणी जा, हे सगळे सांगतात. पूर गेल्यावर काय करू नका हे कुणी सांगत नाही.

आमचे वॉचमनकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हातात बॅटरी घेऊन रॅम्पवरून खाली निघाले होते. खाली मांडीएवढं पाणी. त्यांना जायला मीच सांगितलं होतं, "काका, जरा बघून या ना, पंप चालू आहे का." एवढंच वाक्य, आपण दिवसातून दहा वेळा बोलतो तसलं. पाण्याला पाय लागायला दोन-तीन पावलं उरली असतील तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडणं आलं, "मागं फिरा! मागं फिरा! खाली लाईट चालू आहे!" लाईनमन म्हणून रिटायर झालेले आमचे एक शेजारी आहेत, ते वरून बघत होते. आणि खरंच, आतल्या खांबाच्या मागं एक ट्यूब जळत होती, तिचा पांढरा उजेड त्या चॉकलेटी पाण्यावर हलत होता. आम्ही दहा-बारा जण रॅम्पच्या तोंडाशी उभे होतो, सगळ्यांना ती ट्यूब दिसत होती, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की ट्यूब जळतेय म्हणजे पाण्याखाली गेलेल्या बोर्डांमध्ये, गाडी चार्ज करायच्या प्लगमध्ये, पंपाच्या स्टार्टरमध्ये सगळीकडं करंट आहे. काका दोन पावलं मागं आले आणि तिथंच खाली बसले. मला ते बसणं अजून दिसतं.

त्याच दिवशी पहाटे डेक्कनला, पुलाच्या वाडीजवळ, अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवताना तीन जण शॉक लागून गेले. आमच्या ग्रुपवर ती बातमी सकाळीच आली होती, सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले होते, आणि तरी दुपारी आम्ही एका माणसाला पाण्यात पाठवत होतो.

"आधी मेन स्विच बंद करा" असं कुठंही वाचायला मिळतं. पण आमची मीटर रूमच बेसमेंटमध्ये, तशी पुण्यात कितीतरी जुन्या-नव्या सोसायट्यांची आहे. म्हणजे तो स्विच बंद करायला त्याच पाण्यातून जायचं. तसं अजिबात जायचं नाही. अशा वेळी सप्लाय बाहेरूनच, डीपीवरूनच म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशीच बंद व्हायला हवा आणि ते काम महावितरणच्या माणसाचं, त्यासाठी १९१२ नंबर आहे, पुराच्या दिवशी लागायला वेळ लागतो पण लावत राहायचा. त्या दिवशी लाईट जायला संध्याकाळ झाली, तोवर चार घरांतून फोन आले की अहो फ्रिजमधलं खराब होईल, लाईट कशाला घालवताय. घालवली.

आणि लाईट गेली तशी मिनिटभरात जनरेटर आपोआप चालू झाला! हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर हजार वेळा उपकार मानले असते. आमचा जनरेटर वर कंपाउंडमध्ये आहे, त्याचं पॅनेल ऑटोवर असतं, लाईट गेली की तो स्वतःहून चालू होतो आणि लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि बेसमेंटमधले दिवे पेटतात. म्हणजे महावितरणनं सप्लाय तोडला, सगळे म्हणाले हां आता जायला हरकत नाही, आणि जनरेटरनं तोच करंट त्याच पाण्यात परत सोडला. लाईनमनकाकांनी पॅनेल मॅन्युअलवर टाकलं, जनरेटरच्या बॅटरीची वायर काढून ठेवली आणि वर कागद चिकटवला, कुणी हात लावायचा नाही. तुमच्याकडं गच्चीवर बॅटरीवालं सोलर असेल, सोसायटीच्या ऑफिसला इन्व्हर्टर असेल, तर तेही तसंच बघायला हवं. लाईट गेली म्हणजे करंट गेला असं नसतं.

मे २०२५ मध्ये बेंगळुरूत बीटीएम लेआउटमधल्या एका अपार्टमेंटमध्ये असंच पावसाचं पाणी शिरलं होतं. तिथले ६३ वर्षांचे एक रहिवासी मोटर लावून पाणी उपसायला गेले, प्लगमध्ये शॉर्ट झालं आणि ते गेले, आणि शेजारी उभा असलेला १२ वर्षांचा मुलगा पण गेला. तो तिथं काम करणाऱ्या कुटुंबातला होता. ते गृहस्थ काही वेडं धाडस करत नव्हते हो. आपल्या बिल्डिंगचं काम आपण करावं म्हणून उतरले होते, आपल्यातलाच कुणीही उतरला असता.

म्हणून पंपाबद्दल जरा सविस्तर लिहिते. बेसमेंटमधल्या कुठल्याही प्लगला पंप लावायचा नाही, तो प्लग पाण्याच्या वर असला तरी नाही, कारण त्याची वायर कुठून येते ते आपल्याला माहीत नसतं. इलेक्ट्रिक पंप लावायचाच तर सप्लाय वरून घ्यायचा आणि तो ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून यायला हवा. पुष्कळ लोकांना वाटतं बोर्डात एमसीबी आहे, शॉक लागला तर तो पडेल. नाही पडत. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, तो पडायला कित्येक अँपिअर लागतात आणि माणूस मरायला त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा करंट पुरतो. माणसाला वाचवायला असतो तो आरसीसीबी, जुने लोक ज्याला ईएलसीबी म्हणतात तो, आणि त्यावर टेस्टचं बटण असतं ते दाबून बघायचं, पडला नाही तर तो नुसता शोभेचा डबा आहे. वायरला मधे जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर ती वायर नको. स्क्रू ड्रायव्हरवाला टेस्टर पाण्याला लावून "काही नाही, या" असं म्हणणारा माणूस असेल तर तो पण नको. आणि गमबूट घातले म्हणजे करंट लागत नाही ही समजूत काढून टाका, बुटात पाणी गेलं की संपलं.

डिझेलचा मडपंप आणला तर पंपातून करंट यायची भीती नाही, पण तो खाली उतरवायचा नाही. आमच्याकडं जो ठेकेदार आला त्याची पोरं पंप थेट रॅम्पच्या तळाशी नेत होती, पाईप छोटा आहे म्हणाले. बंदिस्त जागेत इंजिन चाललं की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, गरगरतं, आणि माणूस बसला की उठत नाही. मी सरळ सांगितलं, पाईप लांब आणा नाहीतर परत जा. दोन तास वाद झाला, पाईप आला. पंप रस्त्याच्या पातळीला, उघड्यावर, आणि त्याचा धूर रॅम्पकडं किंवा खालच्या घरांच्या खिडकीत जाणार नाही असा.

अजून एक, सगळं पाणी एका दमात ओढायचं नाही. आजूबाजूची जमीन पाण्यानं फुगलेली असते, बाहेरून भिंतीवर दाब असतो आणि आतलं पाणी त्या दाबाला उलटा टेकू देत असतं. ते एकदम काढलं तर भिंत आत येऊ शकते, नाहीतर खालची फरशी उचलते. पद्धत अशी की साधारण एक फूट उपसायचं, भिंतीवर खडूनं रेघ मारायची आणि रात्रभर थांबायचं. सकाळी पाणी परत रेघेच्या वर आलं असेल तर जमिनीतलं पाणी अजून उतरलेलं नाही, थांबा. नाही आलं तर अजून थोडं काढा. आमच्याकडं पहिली रेघ बुडाली. तेव्हा सगळे वैतागले, आता वाटतं बरं झालं थांबलो.

पण थांबवत कुणाला नाही. कारण खाली गाड्या असतात.

गाडीसाठी लोक काय करतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यातून काय होतं त्याचं बाहेरचं उदाहरण सांगते, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांग शहरात वादळी पाऊस झाला, एका अपार्टमेंटच्या ऑफिसनं अनाउन्समेंट केली की बेसमेंटमधल्या गाड्या काढून घ्या, लोक खाली गेले, आणि शेजारच्या ओढ्याचं पाणी इतक्या झपाट्यानं आत आलं की सात जण तिथंच गेले. दोघं छताजवळच्या पाईपला धरून राहिले म्हणून वाचले. आपल्याकडं तीच अनाउन्समेंट व्हॉट्सअॅपवर होते. दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरला २७ जुलै २०२४ ला, म्हणजे आमच्या पुराच्या दोनच दिवसांनी, बेसमेंटमधल्या लायब्ररीत पाणी घुसून तीन यूपीएससीची पोरं गेली, त्यांना तर गाडीही काढायची नव्हती, ती अभ्यासाला बसली होती. पाणी आत यायला लागलं की खाली जायचं नाही, मग गाडी कितीची का असेना. लिफ्टनं तर नाहीच नाही, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करून ठेवायची आणि खालचा खड्डा लिफ्टच्या माणसानं तपासल्याशिवाय चालू करायची नाही.

पाणी गेल्यावर गाडीला चावी लावून बघायचा मोह होतो, तो टाळा. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इन्शुरन्सवाले म्हणतात हे तुमच्यामुळं झालं. फोटो काढा, पाण्याची खूण कुठपर्यंत आहे ते फोटोत दिसू दे, आणि टो करून न्या. इलेक्ट्रिक स्कूटर आणि गाड्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर आहे, बुडालेली लिथियम बॅटरी लगेच काही करत नाही, कधी कधी कित्येक दिवसांनी पेट घेते, म्हणून ती चार्जिंगला लावायची नाही, बेसमेंटमध्ये वाळत ठेवायची नाही, बाहेर उघड्यावर बिल्डिंगपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून पन्नासेक फूट लांब ठेवायची आणि कंपनीला कळवायचं.

पाणी घोट्यापर्यंत आलं तरी तळ दिसत नसतो. चेंबरची झाकणं पाण्यानं उचलली जातात. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नावाजलेले डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये गेले, घरी चालत निघाले होते. म्हणून हातात काठी, पुढं टेकवत टेकवत पाऊल. काठीचा दुसरा उपयोग सापासाठी, नदीकाठचं पाणी आलंय तर घोणस, नाग आडोशाला येऊन बसतात, आमच्याकडं टायरच्या ढिगात एक निघाला, सर्पमित्राला बोलावलं.

आता गॅस. हल्लीच्या सोसायट्यांचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बऱ्याचदा बेसमेंटमध्येच असतो. त्यात हवा सोडणारे ब्लोअर दोन-तीन दिवस बंद राहिले की आतला मैला सडतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो. वास येतोय तोवर निदान कळतं तरी, पण गॅस जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा बंद होतो, माणूस म्हणतो वास गेला, आता उतरतो. आणि उतरलेला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. टाकीत, चेंबरमध्ये सुरक्षेची साधनं न देता माणूस उतरवून साफ करून घेणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. "त्यानं स्वतःच पैसे मागितले आणि उतरला" हे काही उत्तर नाही. मशीनची गाडी बोलवायची. कुणी आत पडलाच तर आपण उडी मारायची नाही, १०१ लावायचा.

पाणी गेल्यावर मागं राहतो तो गाळ, आणि या गाळानं आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशींना जवळजवळ दवाखान्यात पोचवलं होतं.

झालं असं की चौथ्या दिवशी वायरिंग तपासून झाली, एका बाजूचं पाणी पूर्ण निघालं, मी म्हटलं आता धुवायला हरकत नाही. कुणीतरी ब्लीचिंग पावडरचं पोतं आणलं, आणि कुणीतरी प्रेमानंच टॉयलेट साफ करायच्या अॅसिडच्या बाटल्या आणून दिल्या, डाग निघतील म्हणून. मावशींनी आधी पावडर फेकली आणि मग डाग दिसला तिथं वरून अॅसिड ओतलं. जमिनीवरून फसफस करत हिरवट-पिवळा धूर उठला. मावशी पदर नाकाला लावून रॅम्पवर आल्या, डोळे लाल, श्वास घेता येईना, खोकून खोकून भिंतीला धरून उभ्या. तो क्लोरीन होता. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र आले की तो निघतोच, उघड्यावर निघाला तर पळता तरी येतं, बेसमेंटमध्ये तो जमिनीलगत साठतो कारण हवेपेक्षा जड आहे. मावशींना मोकळ्या हवेत बसवलं, डोळे भरपूर पाण्यानं धुतले, डॉक्टरकडं नेलं, संध्याकाळी बऱ्या झाल्या. त्यांना कुणी सांगितलं होतं का की या दोन गोष्टी एकत्र करायच्या नाहीत? बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही बऱ्याचदा इंग्रजीत.

तर ब्लीचिंगबरोबर काहीच नाही, अॅसिड नाही, फिनेल नाही, अमोनियावालं काचेचं लिक्विड नाही. आणि आल्या आल्या ब्लीचिंग फेकायची पण नाही, गाळावर ती वायाच जाते, चिखलच तिला खाऊन टाकतो. आधी गाळ ओला असतानाच फावड्यानं, घमेल्यानं काढायचा, वाळला की धूळ होऊन छातीत जातो. मग साबणाच्या पाण्यानं खराट्यानं घासायचं. मग स्वच्छ पाणी. आणि सगळ्यात शेवटी ब्लीचिंगचं द्रावण, एक लिटर पाण्याला ३० ग्रॅम पावडर, हे मैलापाणी आलेल्या फरशीला चालतं, दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचं, धुवून टाकायचं. दारं-झरोके उघडे ठेवून. हातात रबरी मोजे, पायात गमबूट, डोळ्यांना चष्मा, आणि हे सगळं सोसायटीनं विकत आणून द्यायचं, मावशींनी घरून नाही आणायचं.

पाण्याच्या टाकीचं आमच्याकडं थोडक्यात निभावलं. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं होतं आणि कुणाला पत्ता नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मोटर चालू केली असती तर ते वर चढलं असतं आणि अख्ख्या बिल्डिंगच्या नळाला आलं असतं. मोटरच बंद होती म्हणून वाचलो. टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, चांगल्या पाण्यानं भरायची, दर हजार लिटरला साधारण दीडशे ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं, २४ तास ठेवायचं आणि ते सगळं पाणी सोडून द्यायचं, प्यायचं नाही. मग परत भरायची. तोवर टँकर, आणि प्यायला उकळून.

आमच्या बेसमेंटच्या स्टोअररूममध्ये गणपतीचं सामान होतं. कनाती, सतरंज्या, मखराची प्लायवूडची चौकट, लहान मुलांनी केलेली थर्माकोलची सजावट, पंचवीस वर्षांचं. गणपती दीड महिन्यावर आलेले. दोन दिवसांत जे वाळत नाही त्याला बुरशी लागतेच, आणि मैलापाण्यात भिजलेलं कापूस-फोमचं काहीही वाचवायला जायचं नसतं, हे मला कळत होतं, तरी त्या सतरंज्या टाकायला सांगताना घशाशी आलं. दोन आजी रडल्या. पितळी समई, तांब्या, घंटा, स्टीलची पातेली वाचली, ती साबणानं घासून कोमट पाण्यातून काढून ठेवली. बाकी सगळं फोटो काढून राडारोड्याच्या गाडीत. फोटो आधी, टाकणं नंतर, पंचनाम्याला लागतात.

आजाराचं सांगून थांबते. पंप चालवणाऱ्या पोरांमधल्या एकाला नवव्या दिवशी ताप भरला, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की जिना चढता येईना, डोळे लालभडक. जवळच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. त्याच्या आईनं मला फोन केला, मी म्हटलं डॉक्टरांना सांगा हा पुराच्या पाण्यात उभा होता. तेवढं एक वाक्य सांगितल्यावर रक्त तपासलं आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, निघाला. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतो, पायाला बारीक चीर असली तरी आत शिरतो, आणि लक्षणं बऱ्याचदा आठवडा-दोन आठवड्यांनी दिसतात, तोवर लोक पूर विसरलेले असतात. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडं जाऊन प्रतिबंधक औषध घ्या. ते डॉक्सीसायक्लिन असतं, पण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ते चालत नाही, म्हणून मनानं नाही घ्यायचं, डॉक्टरांना विचारूनच. पायाला जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन पण. आमच्या सोसायटीत हे सगळं फ्लॅटवाल्यांनी घेतलं. गाळात दिवसभर उभी राहिलेली पोरं मात्र रात्री हात धुवून घरी गेली, त्यांना कुणी विचारलंच नाही. आम्ही नाही विचारलं.

मला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच. पाणी शिरलं की पहिल्यांदा खाली कोण जातं? वॉचमन, सफाईवाली, ठेकेदाराचा पोरगा. ज्याला "नको, मी नाही जात" म्हणायची सोय नाही तो. आम्ही वाईट माणसं आहोत म्हणून नाही पाठवत, आधी ठरवलेलं नसतं म्हणून पाठवतो, ऐनवेळी तोंडातून निघून जातं, काका जरा बघून या.

म्हणून आम्ही त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ठराव केला. मीटर रूम वर आणायची, खर्च मोठा आहे, दोन हप्त्यांत वर्गणी काढली, काही सभासद अजून नाराज आहेत, असू देत. रॅम्पच्या तोंडाला साखळी आणि कुलूप. पाणी शिरलं की सप्लाय तोडल्याचं आणि जनरेटर मॅन्युअलवर असल्याचं लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननं तपासून, पाणी काढल्यावर वायरिंगला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघून वहीत सही केल्याशिवाय ते कुलूप कुणासाठीही उघडायचं नाही, चेअरमनसाठी पण नाही. रॅम्पपाशी पत्र्याचा बोर्ड लावलाय, मराठीत आणि हिंदीत, कारण रात्रपाळीचा वॉचमन बिहारचा आहे. त्यावर लिहिलंय: बेसमेंटमध्ये पाणी असताना कुणीही कुणालाही खाली पाठवू नये. सेक्रेटरीनं सांगितलं तरी जाऊ नये. ती शेवटची ओळ मी हट्टानं घालून घेतली.

बोर्ड लावला त्या दिवशी वॉचमनकाकांनी तो उभं राहून दोनदा वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, आणि तुम्ही परत सांगितलंत तर?" मी म्हटलं, बोर्डाकडं बोट दाखवा आणि खुर्चीत बसून राहा.

पावसाआधी हे पत्र छापून आलं तर मी त्याची कात्रणं आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर स्वतः नेऊन लावीन. अजून बऱ्याच ठिकाणी मीटर रूम खालीच आहे.

आपली,
एका सोसायटीची सेक्रेटरी,
सिंहगड रोड, पुणे